नावं ऐकणारा पाळणा

मित्रांनो, मी जुना पाळणा आहे, पण मला म्हातारा म्हणू नका. माझा एकही सांधा अजून सैल झालेला नाही. नारीन नदीच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका गावात मी राहतो. आमच्याकडे बाळाचं नाव त्याच्या कानात तीनदा सांगतात आणि मग त्याला पाळण्यात घालतात. त्यामुळे या घराण्यातलं प्रत्येक नाव बाळाच्या खालोखाल मीच ऐकलं आहे. काही नावं ऐकून मी सुखावलो. एक नाव ऐकून मात्र मला असा संताप आला, की मी तडकायचाच बाकी राहिलो. त्या नावाचीच गोष्ट मी सांगणार आहे.

मला बनवलं एका मेंढपाळाने. त्याची दोन लेकरं रांगायला लागण्याआधीच गेली होती. तिसऱ्याच्या वेळी त्याने जुना पाळणा चुलीत घातला, डोंगरावर जाऊन अर्चा नावाच्या झाडाचं सुवासिक लाकूड आणलं आणि मला घडवलं. माझ्यात त्याने लोखंडाचा खिळाही ठोकला नाही. सगळे सांधे एकमेकांत बसवले. मुलगा झाला तेव्हा बायको म्हणाली, "याला चांगलं नाव नको. मरणाला हेवा वाटेल असं काही नको." म्हणून त्यांनी नाव ठेवलं तेझेकबाय. तेझेक म्हणजे वाळलेलं शेणकूट. मरण आलं तर नाक मुरडून परत जाईल, असा त्यांचा हिशोब होता.

मरण आलंच नाही. तेझेकबाय जगला, वाढला, घोड्यावर बसला. त्याचं लग्न ठरलं तेव्हा नवरीला, काल्बूबूला, तिच्या मैत्रिणींनी छळछळ छळलं.

"काय गं, शेणकुटाच्या घरी चाललीस?"

"हो, चालले," काल्बूबू म्हणाली. "थंडीत तुम्ही सोन्याच्या विटा पेटवा, मी शेणकूट पेटवते. बघू कुणाचा चहा आधी उकळतो!"

अशी ती तोंडाची फटाकडी होती. मला ती फार आवडायची. पुढे तिच्याच हट्टामुळे मला राग गिळावा लागेल, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं!

तिला खूप वाट पाहायला लावून एक मुलगा झाला. त्याचं नाव तोक्तोसुन, म्हणजे 'थांबो, टिकून राहो'. तो टिकला. स्वभावाने इतका शांत निघाला, की घरात आहे की नाही हे कळायचं नाही. त्याचं लग्न अनारकुलशी झालं. अनारकुलला पहिली मुलगी झाली. घरात आनंद झाला. दुसरी मुलगी झाली. तेव्हा काल्बूबू म्हणाली, "असू दे, घरात कामाला हात होतील." तिसरीही मुलगीच झाली.

वसंतातली सकाळ होती. अर्चाची पानं जाळून मला धुरी दिली होती. माझ्या डोक्यावरच्या आडव्या दांड्याला काल्बूबूने मुलासाठीची लाकडी नळी आधीच बांधून ठेवली होती. आमच्याकडे बाळाला बांधून निजवतात, म्हणून मूत्र खाली जायला नळी लावतात. मुलाची वेगळी, मुलीची वेगळी. काल्बूबूने ती नळी सोडली, फडक्यात गुंडाळली आणि पेटीत परत ठेवली. नवऱ्याला म्हणाली, "बुरुल म्हणा हिच्या कानात."

बुरुल म्हणजे वळ. नशिबा, वळ. मुलींची रांग पुरे झाली, आता मुलाकडे वळ.

अनारकुल मान खाली घालून बाळाच्या पट्ट्या सरळ करत होती. तोक्तोसुन भिंतीला टेकून उभा होता. तेझेकबायने बाळाच्या कानाशी तोंड नेलं आणि तीनदा म्हटलं, "बुरुल."

मित्रांनो, तेव्हा मला राग आला. शेणकूट हे काही गोंडस नाव नव्हे, मान्य आहे. पण त्या नावाच्या आत एक आई ओरडत होती, 'राहा रे, जाऊ नकोस!' आणि बुरुल या सुरेख नावाच्या आत काय होतं? 'तू बाजूला हो, आम्ही दुसऱ्याची वाट बघतोय.' ते बाळ मात्र माझ्यात पडून दांड्यावरच्या मण्यांकडे बघत हसत होतं.

बुरुल वाढली. शाळेत पोरं तिच्या मागे लागायची. "ए वळ! वळ गं वळ!" एक दिवस ती खरोखरच वळली आणि सगळ्यात मोठ्याने ओरडणाऱ्याच्या पाठीत तिने दप्तर घातलं. मास्तरांनी जाब विचारला तेव्हा म्हणाली, "तेच वळ म्हणाले. मी वळले."

पुढे तिच्या पाठीवर भाऊ झाला. मग तर गावातल्या बायकांनी तिला डोक्यावरच घेतलं.

"काय पायगुणाची पोर! हिने भावाला ओढून आणलं बघा."

बुरुल पावाचा तुकडा चावत उभी होती. ती म्हणाली, "मी नाही आणलं. मी तर घरीच होते."

बायका हसल्या. तिला मात्र हसू आलं नव्हतं. त्या दुपारी ती आजोबांपाशी आली. तेझेकबाय माझ्याशेजारी बसून लगाम शिवत होता. माझ्यात तिचा भाऊ झोपला होता.

"आजोबा, माझं नाव बदलून द्या."

"काय ठेवू?"

"काहीही ठेवा. ज्यात मी असेन असं."

तेझेकबायच्या हातातली सुई थांबली. तो म्हणाला, "माझं नाव शेणकूट. पण ते ठेवताना माझी आई माझ्याकडे बघत होती. तुझं ठेवताना आम्ही सगळे दाराकडे बघत होतो. बदलायचं तर बदलू, पोरी. उद्याच गावाला जेवायला बोलावू आणि नवं नाव सांगू."

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली आणि म्हणाली, "नको. राहू दे हेच. ज्यांनी ठेवलं, त्यांना रोज हाक मारावी लागू दे."

काल्बूबू दारात उभी राहून ऐकत होती. त्या दिवसापासून ती बुरुलला हाक मारताना जरा अडखळायची, हे मी पाहिलं आहे.

मग माझे वाईट दिवस आले. बुरुलचा भाऊ चालायला लागला आणि मला गोठ्याच्या माळ्यावर टाकलं. एकेक करून म्हातारी माणसं गेली. शेजारपाजारच्या घरांत शहरातून चाकांच्या रंगीत गाड्या आल्या. माझ्यात एक तांबडी कोंबडी अंडी घालू लागली. तुम्हाला वाटेल, मी रडलो असेन. मुळीच नाही! मी ती अंडीही सांभाळली. एकही फुटू दिलं नाही.

बुरुल तोवर शहरात जाऊन गुरांची डॉक्टर झाली होती. तिने मेदेर नावाच्या तरुणाशी लग्न केलं. तिचं पहिलं बाळ होणार म्हणून कळलं, तेव्हा तोक्तोसुन माळ्यावर चढला. त्याने मला खाली आणलं, घासलं, पुसलं, तेल लावलं आणि लेकीच्या सासरी पोहोचवलं. आमच्याकडे पाळणा माहेरूनच जातो.

बुरुलची सासू आयिमकान हाडाची वाईट नव्हती. सून अडलेल्या मेंढीला सोडवून आली की ही तिच्या हातावर गरम पाणी घालायची. पहिली नात झाली, तिचं नाव आयदाय ठेवलं, चंद्रासारखी. आयिमकानने तिला खांद्यावरून खाली ठेवलं नाही. पण दुसरीही नातच झाली आणि सासूचं तोंड उतरलं.

नाव ठेवायच्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. पिठाचे छोटे तुकडे तळून केलेल्या बोरसोकांचा ढीग पडला होता. तोक्तोसुन पाहुण्यांच्या जागी चहाची वाटी धरून बसला होता. गावातले एक वृद्ध गृहस्थ कानात नाव सांगायला आले होते. त्यांनी विचारलं, "काय नाव?"

आयिमकान म्हणाली, "उल्बोल्सुन."

उल्बोल्सुन म्हणजे 'मुलगा होवो'.

बुरुलने पुढे होऊन बाळ त्या गृहस्थांच्या हातातून अलगद घेतलं. "नाही," ती म्हणाली.

"नाही काय? अगं, तुझ्या आईलाच विचार. तुझं नाव बुरुल ठेवलं आणि पाठीवर भाऊ आला. तुझ्या आईला गुण आला की नाही?"

"आईला गुण आला, आपा. मला काय आलं, ते कुणी विचारलं?"

"मग तुझ्या मनात आहे तरी काय?"

"केरेक."

कोपऱ्यातली एक बाई फिसकन हसली. केरेक म्हणजे हवी. हवा, हवी, हवं, सगळ्याला आमच्याकडे हा एकच शब्द.

"हे काय नाव झालं?" आयिमकान भडकली. "मीठ केरेक, पाणी केरेक, साबण केरेक! माझ्या नातीचं नाव की बाजाराची यादी?"

"'मुलगा होवो' हे मुलीचं नाव असू शकतं, तर 'हवी' का नसावं?"

उत्तर सुचलं नाही की माणूस ओरडतो. आयिमकान ओरडली, "मग घे तुझ्या पोरी आणि घे तुझा पाळणा! जा बापाकडे!"

आणि जो तोक्तोसुन आयुष्यभर भिंतीला टेकून उभा राहिला होता, त्याने चहाची वाटी खाली ठेवली. तो उठला, माझ्यापाशी आला आणि त्याने माझं एक टोक धरलं.

"पाळणा मी उचलतो," तो म्हणाला. "चल, बुरुल. घरात जागा पुष्कळ आहे."

बुरुलने नवऱ्याकडे पाहिलं. मेदेर दाराशी मान खाली घालून बसला होता. मेदेर म्हणजे आधार.

"आज तरी नावाला जाग," ती म्हणाली. एवढंच.

मेदेर उठला. त्याने माझं दुसरं टोक धरलं. मला वाटलं, झालं, आता निघालोच. दाराच्या दिशेने तोक्तोसुन ओढत होता. पण मेदेर हलेना. त्याने मला हळूच सासऱ्याच्या हातातून सोडवलं, खोलीच्या मधोमध ठेवलं आणि माझ्याशेजारी मांडी घालून बसला.

"आपा," तो आईला म्हणाला. "पाळणा इथेच राहील. तिने ठेवलेलं नावही."

ते वृद्ध गृहस्थ दाढी कुरवाळत घरातल्या मोठ्यांच्या तोंडाकडे बघू लागले. बुरुल थांबली नाही. तिने बाळाच्या कानाशी ओठ नेले.

"बाईमाणसाने नाव सांगायचं नसतं," कुणीतरी पुटपुटलं.

"जन्म द्यायचा असतो, नाव तेवढं सांगायचं नसतं का?" बुरुल म्हणाली आणि तीनदा म्हणाली, "केरेक. केरेक. केरेक."

मित्रांनो, तेव्हा मी रिकामा होतो आणि मला कुणी हात लावला नव्हता. रिकामा पाळणा हलू नये असं म्हणतात, म्हणून मी हललो नाही. नाहीतर नाचलोच असतो.

आयिमकानने शपथ घेतली की हे नाव तोंडातून काढणार नाही. बाळाला ती "ए", "अगं", "ती धाकटी" म्हणू लागली. पण शपथ घेताना ती एक गोष्ट विसरली होती. केरेक या शब्दावाचून आमच्याकडे घर चालत नाही. पोरगी पायावर उभी राहिली आणि गंमत सुरू झाली. आयिमकान चुलीपाशी म्हणायची, "मीठ केरेक!" की ही दुडुदुडु पळत हजर. "सरपण केरेक!" की ही पुन्हा हजर.

"तुला नाही गं बोलावलं," आयिमकान म्हणायची. पोरगी तिच्या गुडघ्यांना मिठी मारून उभी राहायची. तिचा समज असा झाला होता की सगळ्या घरात आजीला सगळ्यात जास्त तीच लागते. तिला कोण समजावणार? आणि खरं सांगू? थोड्या दिवसांनी समजावण्यासारखं काही उरलंच नाही. आयिमकान मिठाचा डबा हाताशी असतानाही मीठ मागू लागली होती.

एका शरद ऋतूत लांबची एक नातलग बाई भेटायला आली. बुरुल गुरांकडे गेली होती. बाईने चहा घेतला, इकडे तिकडे पाहिलं आणि जिभेने चुकचुक करून म्हणाली, "अजून मुलगा नाही ना? निदान धाकटीचं नाव तरी बदला, आयिमकान. म्हणून तर नशीब अडलंय."

आयिमकानने पीठ मळायचं थांबवलं. हात न धुताच ती दारात जाऊन उभी राहिली आणि शेताकडे तोंड करून पलीकडच्या डोंगरावर आदळेल अशा आवाजात तिने हाक मारली, "केरेक! ए केरेक!"

पाहुणी दचकली. "काय हवंय? मी देते ना."

"तुझ्याकडून काही नको," आयिमकान म्हणाली. "माझ्या नातीला हाक मारतेय."

त्या घरात पुढे मुलगा झाला की नाही, असं मला पुष्कळजण विचारतात. मी सांगत नाही. ज्यांना या गोष्टीनंतरही तोच प्रश्न पडतो, त्यांच्यासाठी माझ्याकडे उत्तर नाही.

मित्रांनो, लाकडाला माया लागते. वर्षातून एकदा तेलाचा हात फिरवा, ओल लागू देऊ नका, एवढं केलंत तर मी तुमच्या नातवंडांनाही झुलवीन. सोन्याने मढवा असं मी म्हणत नाही. मोठं घर, मऊ गाद्या, काही मागत नाही. पण मुलीने डोळे उघडायच्या आत ज्या घराने तिला नको म्हणायचं ठरवलं असेल, त्या घरात मला नेऊ नका. नेलंत तर मी खुशाल चुलीत जळेन, पण डुलणार नाही.