रस्त्याकडचा गहू

पुआन गावाच्या अलीकडच्या त्या शेतात युरिया किती टाकायचा, हे चाळीस वर्षं एर्मेतेच ठरवत आला होता. यंदा त्याने सुनेला एक संधी दिली. गहू पावाचा म्हणून पास झाला, तर पुढच्या पेरणीपासून शेत मिर्ता बघेल. कोंबड्यांच्या खाद्यात गेला, तर तिने पुन्हा शेताचं नाव काढायचं नाही.

मिर्ताची युक्ती साधी होती. पेरतानाच रस्त्याकडेला दहा मीटरच्या पट्ट्यात भरपूर युरिया टाकायचा. ऑगस्टअखेर तो पट्टा मागच्या गव्हापेक्षा गडद दिसला, तर बाकीचं पीक भुकेलं आहे, दुसरा हप्ता द्यायचा. सारखंच दिसलं, तर नाही. कोरडवाहू रानात उगाच टाकला, तर पीक हिरवंगार माजतं, जमिनीतली ओल पिऊन टाकतं आणि दाणा सुरकुततो.

"म्हणजे गहू आता तुला भूक लागली म्हणून सांगणार?" एर्मेते माते नावाच्या कडू चहाचा घोट घेत म्हणाला.

"आल्मा तरी कुठे बोलते, नोनो? कळतंच ना मला."

मिर्ताच्या सात महिन्यांच्या आल्मामुळे तो सगळ्या घराचा नोनो, म्हणजे आजोबा, झाला होता. आपण आजोबा दिसत नाही, असं त्याचं अजूनही मत होतं.

ऑगस्ट लागला तसा पट्टा गडद झाला आणि त्यामागचं सगळं रान फिकट. शेजारच्या शेफरने कुंपणापाशी गाडी हळू केली.

"काय रे एर्मेते, युरिया रस्त्यापुरताच पुरला वाटतं?"

 त्या दिवशी एर्मेते थोडंच जेवला.

दुसऱ्या दिवशी मिर्ता आल्माला लस टोचायला गावात घेऊन गेली. मग दोन सरी पडल्या. महिनाअखेर ती शेत बघायला आली, तेव्हा आल्मा तिच्या खांद्यावर नुकती झोपली होती. खाली उतरलं तर जागी होईल, म्हणून मिर्ताने गाडीच्या काचेतूनच पाहिलं. पट्टा हिरवा, मागचंही तेवढंच हिरवं. पीक पोटभर आहे, असं तिने ठरवलं आणि दुसरा हप्ता दिला नाही.

सप्टेंबरपासूनच्या इथल्या वसंतात पाऊस कधी नव्हे एवढा झाला. डिसेंबरमध्ये तिचा नवरा दार्यो मळणीयंत्र घेऊन रस्त्याकडून आत शिरला, तेव्हा गहू कमरेला लागत होता.

धान्याच्या कोठारावर पहिल्या ट्रकचा नमुना यंत्रात गेला. पावाच्या गव्हाला अकरा टक्के प्रथिनं लागतात, आणि भुकेल्या पिकात ती भरत नाहीत. प्रथिनं साडेबारा टक्के. मिर्ताने आल्माचा मुका घेतला. दुसरा ट्रक आतल्या रानातला: नऊ. तिसरा: नऊला थोडा कमीच. पुढचे सगळे तसेच.

"पीक उदंड आलंय," तोलणारा म्हणाला, "पण हा कोंबड्यांचा."

एर्मेते जिंकला होता. गप्प बसायचं, एवढंच काय ते उरलं होतं. पण आपला ट्रक घेऊन मागे रांगेत असलेल्या शेफरने तोंड उघडलं.

"पहिला ट्रक मात्र झकास हो. सुनेच्या पट्ट्याचा."

"पट्टा केवढा? दहा मीटर," एर्मेते उसळला. "तेवढ्यात ट्रक भरतो होय? त्याच्या मागचे साठ मीटर माझे. या हातांनी टाकलाय युरिया."

मिर्ता यंत्रापासून त्याच्याकडे वळली. 

"कधी, नोनो?" मिर्ताने विचारलं.

"पोरीला टोचायला नेलं होतंस ना," तो टोपीकडे बघत म्हणाला. "रस्त्यावरून फार वाईट दिसत होतं गं."

ती भांडेल, असं सगळ्यांना वाटलं. एर्मेतेला तर तशी आशाच होती.

"मीही रस्त्यावरूनच पाहिलं," ती म्हणाली. "उतरून शंभर पावलं आत गेले असते, तर दिसलं असतं."

 घरी पोचेपर्यंत एर्मेते आल्माच्या मोज्याशी चाळा करत राहिला. दारात उतरताना म्हणाला, "पुढच्या खेपेला तूच बघ सगळं."

जूनमध्ये मिर्ताने पट्टा रानाच्या मधोमध टाकला. तिथवर आल्माचं बोट धरून जायला अर्धा तास लागतो. रस्त्याकडचे साठ मीटर मात्र तिने नोनोला देऊन टाकले, हवा तेवढा युरिया टाका म्हणून. शेफर रोज तिथे गाडी हळू करतो. नोनो टोपी काढून उभा असतो.