उस्तादांचे थेंब

धाकट्या मुलीचं लग्न झालं त्या वर्षी उस्तादांनी नव्या व्याह्यांना दुखावलं, आणि तेही चकार शब्द न बोलता.

उस्तादांचं कोपऱ्यावर केस कापायचं दुकान होतं. एक खुर्ची, एक मोठा आरसा आणि डाव्या भिंतीला बाकडं. व्याही गुपचूप येऊन बाकड्यावर बसले. मनात म्हणाले, बघू या, यांचं कधी लक्ष जातंय. उस्तादांनी हातातलं डोकं संपवलं, खुर्ची झटकली आणि मागून आलेल्या दुसऱ्याच गिऱ्हाइकाला बसवलं. व्याही तणतणत निघून गेले.

"अहो, ढुंकूनही पाहिलं नाहीत म्हणे!" संध्याकाळी बायको म्हणाली.

"आले असते तर दिसले नसते का?"

"तेच म्हणते मी. परवा चौकटीवर खांदा आपटलात. काल माझ्या हातातली किटली उडवलीत. सगळं डावीकडेच कसं होतं तुमचं?"

दुसऱ्या दिवशी तिने त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेऊन बसवलं. उस्तादांनी एकेक डोळा झाकून तक्त्यावरची शेवटची ओळ धडाधड वाचली आणि बायकोकडे ऐटीत पाहिलं. मग तरुण डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांतला दाब मोजला. एका पांढऱ्या घुमटात तोंड घालायला लावलं. आत ठिपका लुकलुकला की बटण दाबायचं. डाव्या डोळ्याच्या वेळी उस्ताद बटण हातात धरून नुसतेच बसून राहिले.

"काका, हा काचबिंदू," बाई म्हणाल्या. "यात समोरचं छान दिसत राहतं, म्हणून माणूस फसतो. दाबाने कडेची नजर कुरतडली जाते. डाव्या डोळ्याची बरीच गेली, उजव्याची सुरुवात आहे. गेली ती परत येत नाही. राहिली ती मात्र सांभाळता येते. रोज थेंब घालायचे."

उस्तादांना आपलं दुकान आठवलं. ज्याला दिसत नाही, त्याच्या वस्तऱ्यापुढे गळा कोण करणार?

थेंब रोज घातले. एक दिवस चुकवला नाही. बायकोने हात पुढे केला की म्हणायचे, "मला येतं गं." तरी पुढच्या तपासणीत दाब जिथल्या तिथे.

"असंच राहिलं तर ऑपरेशनचा विचार करावा लागेल," बाई म्हणाल्या. "पण आधी माझ्यासमोर एकदा थेंब घालून दाखवा."

उस्तादांनी झोकात मान मागे टाकली, बाटली उलटी धरली. थेंब सुटला, तसा डोळा टपकन मिटला. थेंब गालावरून ओघळला.

"काका, मिशीला काचबिंदू झालेला नाही!"

बायको पदरात तोंड लपवून हसली. उस्ताद ओशाळले. "गार लागायचं हो. वाटायचं, गेला आत."

"जन्मभर लोकांना 'हलू नका' म्हणून दटावता," बायको म्हणाली, "आणि स्वतः?"

परत येताना तिने उस्तादांना दुकानात नेलं, दार ओढून घेतलं, त्यांच्याच खुर्चीत बसवलं, पाठ खाली केली आणि गळ्याभोवती कापड बांधलं.

"कापड कशाला?"

"बोलायचं नाही. छताकडे बघा."

बाईंनी शिकवल्याप्रमाणे तिने खालची पापणी अलगद ओढली, तिथे झालेल्या खोबणीत थेंब सोडला, डोळा मिटायला लावला आणि थेंब घशात उतरू नये म्हणून नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून धरला.

"घशाला कडू लागेल म्हणाल्या होत्या बाई, नाही लागलं," उस्ताद म्हणाले.

"घशापर्यंत जायचं कधी हो तुमचं? मिशीतच मुरायचं सगळं!"

पुढच्या खेपेला दाब उतरला. त्यानंतर दोघांपैकी कोणी आजारी असलं तरी थेंब टळला नाही. व्याह्यांनी सगळं ऐकलं, खो खो हसले आणि दाढीला मान पुढे केली. उस्तादांनी दाढी बारीक केली, कानाशी वळताना पूर्ण मान फिरवून.

नजर पुढे फारशी घटली नाही. हात थरथरू लागला तेव्हा दुकान बंद केलं, डोळ्यांपायी नव्हे.

त्या लग्नानंतर चौदाव्या वर्षी, हिवाळ्यात, उस्ताद न्यूमोनियाने गेले. बायको पुढच्या उन्हाळ्यात गेली.