बरणीत वाढलेलं हाड

घणसोली गावातलं समाजमंदिर त्या रविवारी खच्चून भरलं होतं. कुणी गुडघा धरून, कुणी कंबर. समोर पांढऱ्या कोटातला चंद्रशेखर. नावामागचं 'डॉक्टर' त्याचं त्यानंच लावलेलं.

"हाड तुमच्याच मटणवाल्याचं, खाच तुमच्यासमोर करवतीनं पाडली!" त्यानं ते बकऱ्याचं हाड बरणीत टाकलं. थर्मासमधलं वाफाळतं पाणी ओतलं. "हा ग्रोथ फॅक्टर! बॉडी टेम्परेचर लागतं!" मग बरणी बर्फाच्या डब्यात. "आता कोल्ड चेन! फॉरेन टेक्नॉलॉजी!"

आधी गरम लागतं, मग थंड का, हे विचारायचं एकाच्याही डोक्यात आलं नाही. तासभर भाषण झोडून त्यानं हाड बाहेर काढलं. खाच पांढऱ्या, कडक थरानं भरलेली! टाळ्यांचा कडकडाट झाला. दोन म्हाताऱ्यांनी तर बरणीलाच नमस्कार केला.

पहिल्या रांगेत माझे घरमालक नामदेवकाका कुबड्या घेऊन बसले होते. आठ महिने त्यांची मोडलेली नडगी जुळत नव्हती. गुरुवारी ऑपरेशन होतं, मी नर्स आहे त्याच वॉर्डात. आणखी उशीर म्हणजे पाय कायमचा अधू, असं सर्जननी बजावलं होतं.

"संघमित्रा, तुज्या डाक्टरला सांग, मी नाय येत," काका म्हणाले. "ह्या औषद प्यालो की बास."

माझं डोकंच फिरलं. "काका, हाड वाढवणारं प्रोटीन खरंच असतं. पण सर्जन ते पाय उघडून तुटल्या जागी ठेवतात, तेही गरज असेल त्यालाच. प्यायलात तर पोट ते अंड्यासारखं पचवून टाकेल!"

"सिस्टर, जळता का?" चंद्रशेखर गोड हसला. "सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं ना?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. नंदीबैल बरे!

तेवढ्यात काकांची बायको, गोजराकाकू, उठली. ती ऑर्डरीप्रमाणे पाया, म्हणजे बकऱ्याच्या पायांचा रस्सा, करून देते. तिनं हाड हातात घेऊन अंगठ्यानं घासलं.

"नवीन हाड हाय ना ह्या? मंग उकलत्या पान्यात टिकंल."

कोपऱ्यात सगळ्यांच्या चहासाठी गॅसवर आधण होतं. तिनं हाड सरळ त्यात टाकलं.

"अहो, स्टराइल आहे ते!" चंद्रशेखर धावला.

"गप ऱ्हा. चार-चार तास पाया शिजवते मी. मास सुटतं, हाड नाय विरगलत."

पाच-सात मिनिटांनी तिनं झाऱ्यानं हाड काढलं. खाच जशीच्या तशी, करवतीच्या रेघांसकट. नवं हाड पाण्यात गेलं होतं.

सलूनवाल्या पंढरीनं थर्मासच्या तळातला पांढरा खडा काढून जिभेला लावला. "अरे, तुरटी हाय ही! रोज गिऱ्हाइकांच्या दाढीला लावतो मी."

कडकडीत पाण्यात भरपूर तुरटी विरघळवायची. पाणी गार झालं की तिचे खडे धरतात, खरखरीत खाचेत तर पटकन. बर्फ त्यासाठीच होता. 'फॉरेन टेक्नॉलॉजी' न्हाव्याच्या पेटीतून आली होती.

"इथे निगेटिव्ह एनर्जी आहे," असं पुटपुटत चंद्रशेखरनं बरणी काखोटीला मारली आणि दार गाठलं.

काकांनी कुबड्या काखेत घेतल्या. मग म्हणाले, "गोजरा, पिशवी भर. गुरवारीच जायाचा हाय ना?"

ऑपरेशन झालं. हाड जुळायला पाच महिने लागले. काका कुबड्यांशिवाय जिना चढून माझ्या दारात आले, तेव्हा टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं.

लोकहो, चमत्कारापुढे हात जोडायची एवढी घाई कशाला? तेच हात आधी कामाला लावा. उचला, घासा, उकळून बघा. खरं असेल ते उरेल.