बाळगाडीशेजारची पिवळी अझेलिया

"पिवळी अझेलिया खुशाल लाव, पण बाळगाडी उभी करतेस तिथं नको," शेजारच्या इर्यामावशीनं कुंपणावरून बजावलं होतं. "तिच्या पानाफुलांत विष असतं."

"मावशी, तुम्हाला माझ्या कॉफीतसुद्धा विष दिसतं," असं म्हणत हेल्वीनं खड्डा तिथंच खणला. वारा लागत नव्हता, आणि स्वयंपाकघरातून गाडीवर नजर राहत होती.

उत्तरेकडच्या कुओपिओ शहराचा हिवाळा झुडपानं बर्फाखाली काढला आणि जूनमध्ये ते पिवळंधमक फुललं. सव्वा वर्षाचा आल्पो दुपारी गाडीतच, बाहेर झोपायचा. इथली सगळी बाळं तशीच झोपतात, अगदी कडाक्याच्या थंडीतही. दात येत असल्यानं गेले काही आठवडे तो झोपत नव्हता. त्यामुळे हेल्वीही नाही. आज मात्र तो गाढ झोपला. ती खिडकीशी बसून राहिली. मध्येच मान वर करून बघायची. गाडी हलत नव्हती. कॉफी निवून गेली.

"युवराज अजून उठले नाहीत?" कुंपणाकडून मावशीचा आवाज आला.

"हळू बोला! आज शहाण्यासारखा झोपलाय."

"शहाणा? हा? बयो, जरा हात लावून बघ त्याला."

हेल्वी कंटाळतच उठली. आल्पोच्या हनुवटीवरून लाळ ओघळली होती, ओठाला पिवळी पाकळी चिकटली होती. मुठीत चुरगळलेली फुलं. कपाळ घामानं गार. तिनं हाक मारली. त्यानं डोळे अर्धवट उघडले आणि पुन्हा मिटले.

रुग्णवाहिकेला फोन मावशीनंच केला. हेल्वी त्याला छातीशी धरून नुसती उभी राहिली.

"नाडी फार मंद झाली होती," संध्याकाळी इस्पितळात डॉक्टर म्हणाल्या. "औषध लागू पडलंय. बहुतेक उद्या घरी न्याल."

"बरं," हेल्वी म्हणाली. बसची वेळ कळावी तसं.

नवरा, यार्क्को, धावत आला. "उपटून टाकलं झुडूप. मुळासकट."

"बरं."

"रडून घे गं थोडं."

रडू येत नव्हतं. आल्पोच्या नाकाखाली बोट धरून ती बसली होती. ऊब लागत होती. ती लागते आहे एवढंच कळत होतं.

तेव्हापासून भेटेल त्याला ती एकच विचारते, आता तुम्हालाही विचारते: तुमचं बाळ झोपलंय ना? नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ? मग हे वाचायचं राहू द्या. जवळ जा, हात लावून बघून या.