सतराव्या पानावरचा चेहरा

दचकू नका, आरशावरच्या फळीवरून मीच बोलतेय. खरं म्हणजे दचकण्याचं काम माझं. दार जरा आपटलं तरी माझी सुटी पानं थरथरतात. मी एक जुनी चित्रकथा. बासष्ट पानांची, पाठ उसवलेली, मुक्काम काँगोतल्या किन्शासात, एर्नेस्टीनबाईंच्या वेण्या घालायच्या दुकानात.

माझा जन्म बेल्जियममधल्या एका छापखान्यातला. मला काढणारे गृहस्थ काँगोत कधी आलेच नव्हते. साबणाच्या जाहिराती आणि काचेच्या कपाटातले मुखवटे बघून त्यांनी इथली माणसं काढली. माझ्या गोष्टीत एक शिडशिडीत गोरा वैमानिक आहे आणि त्याचं शहाणं मांजर आहे. बाकी सगळे काळे. डोळे बशीएवढे, ओठ सायकलच्या ट्यूबसारखे आणि सगळ्यांना मिळून चेहरा एकच. मुखियाला तोच, त्याच्या बायकोला तोच, नावाड्यालाही तोच. मांजराच्या मिश्या मात्र दर चौकटीत निराळ्या! मला तेव्हा यात काही वावगं वाटलं नाही. कोऱ्या पुस्तकाला स्वतःच्या वासापुढे दुसरं काही सुचत नाही.

एका साहेबाच्या मुलासाठी मी बोटीतून इथे आले. पुढे काँगो स्वतंत्र झाला आणि ते कुटुंब इतक्या घाईने देश सोडून गेलं, की मी पलंगाखालीच राहिले. त्यांच्या स्वयंपाक्याने, म्हणजे एर्नेस्टीनच्या वडिलांनी, मला पुसून घरी नेलं. माझ्यावरून त्यांनी लेकीला फ्रेंच वाचायला शिकवलं. लेकीने पुढे तिच्या लेकीला, न्सोनाला शिकवलं.

न्सोनाने मात्र मला वाचलं कमी आणि गिरवलं जास्त. चार वर्षांची असल्यापासून पेन्सिल घेऊन बसायची. सतरावं पान तर तिने इतक्या वेळा गिरवलं, की मागून उजेड दिसायला लागला. आपल्यामुळे पोरीचा हात वळला म्हणून मी किती मिरवायचे!

न्सोना वीस वर्षांची झाली, रंगकामावरच पोट भरीन म्हणायला लागली आणि नेमका दुकानाच्या पाटीचा रंग उडाला. आमच्या गल्लीत वेण्यांच्या दुकानाची पाटी हाताने रंगवतात. सहा बायका, सहा तऱ्हेच्या वेण्या. गिऱ्हाईक बोट दाखवतं, "हिच्यासारखी घाल." पाटीवर झळकायला मिळावं म्हणून जुन्या गिऱ्हाइकांत रुसवेफुगवे होतात.

"पाटी तू रंगव," एर्नेस्टीन लेकीला म्हणाली. "जमली तर तुझं रंगकाम खरं, मी आडवी येणार नाही. नाही जमली तर गपचूप माझ्या शेजारी उभी राहून वेण्या घालायच्या. कबूल?"

"कबूल," न्सोना म्हणाली. आठवडाभर ती धड जेवलीसुद्धा नाही.

शनिवारी, दुकान भरलेलं असताना, तिने पाटीवरचं फडकं काढलं.

"ही कोण गं?" लुसांबामावशींनी विचारलं. दोरा गुंडाळून उंच उभ्या केलेल्या त्यांच्या वेण्या अख्ख्या गल्लीत प्रसिद्ध.

"तुम्ही, मावशी."

"आणि ही शेजारची?"

"त्या बोलांगीमावशी."

"अगं बाई! आम्ही दोघी जुळ्या कधी झालो?"

दुकान खदखदून हसलं. "ओठ बघा, मधमाश्या चावल्यात जणू!" कुणीतरी म्हणालं. लुसांबामावशी मात्र हसल्या नाहीत. "याच ओठांसाठी माझा नवरा सहा महिने आमच्या दारात गाणी म्हणत उभा होता. असले ओठ तू कुठून आणलेस, पोरी?"

एर्नेस्टीनने मला खाली काढलं, सतरावं पान उघडलं आणि पाटीशेजारी धरलं. तेच डोळे, तेच ओठ. वेण्या तेवढ्या आमच्या. हसणं थांबलं. मागच्या अंगणातली पाल्याची भाजी रटरटताना ऐकू यायला लागली.

न्सोनाने मला हिसकावलं आणि ती शेगडीकडे धावली. मी जन्मभर दचकत आलेय, पण निखाऱ्यांची धग लागली तेव्हा काय झालं ते कुठल्याच चौकटीत मावणार नाही.

"थांब!" एर्नेस्टीन ओरडली. "माझ्या भाजीत राख पडेल! आणि हिला जाळून तुझा हात बदलणार आहे का?"

"मग मी काय करू, आई? मला दुसरं काही काढताच येत नाही!"

"हरलीस ना? ठरल्याप्रमाणे कंगवा घे. लुसांबाच्या मागे उभी राहा. नुसते केस बघू नकोस, आरशात तिचं तोंड बघ. कपाळ केवढं, कान कुठे, हे कळल्याशिवाय आपण भांग पाडत नाही. चेहरा न बघता घातलेली वेणी म्हणजे नुसती टोपी."

न्सोना रडत रडतच उभी राहिली. तीन आठवडे तिने डोकी हाताळली. कुणाचा डावा कान जरा वर, कुणाच्या गालाला एकाच बाजूला खळी, बोलांगीमावशी खोटं बोलताना नाक खाजवतात... तिची बोटं शिकत होती आणि मी वरून बघत होते. एवढी वर्षं एकच चेहरा शिकवत बसल्याची मला भारी लाज वाटली.

मग एका दुपारी तिने न सांगताच पाटी पुन्हा रंगवायला घेतली.

लुसांबामावशी नव्या पाटीच्या अगदी जवळ गेल्या. "भुवईवरचा व्रण कशाला काढलास गं?"

"पुसू का?"

"राहू दे. त्याच्याशिवाय ती मी कशी? पण दातांतली फट जरा कमी करता आली तर बघ!"

एर्नेस्टीनने लेकीच्या हातातला कंगवा काढून घेतला. "उद्यापासून याला हात लावू नकोस," ती म्हणाली आणि डोळे पुसायला भाजीकडे गेली.

आता काम नसलं की न्सोना बारीक ब्रश घेऊन मला उघडते. सतराव्या पानावरच्या मुखियाच्या बायकोला तिने नवा चेहरा दिलाय, भुवईवर व्रण आणि डोक्यावर दोऱ्याच्या उंच वेण्या. लुसांबामावशी येणाऱ्याजाणाऱ्याला ते पान दाखवत सुटल्यात.

तुमच्याही घरी माझी एखादी बहीण असेल. तिला जाळू नका, पण पोरांच्या हाती देताना शेजारी बसा आणि एक आरसा जवळ ठेवा. मला मात्र इतक्यात रद्दीत घालू नका हं. अजून कितीतरी माणसं माझ्या आत रांगेत बसलीयत, दुकानातल्या बाकावर बसतात तशी, आपापल्या चेहऱ्याची वाट बघत. नावाड्याचा नंबर उद्या आहे.