नकाशातली पाहुणी

सभागृहातलं लांब टेबल पुसून नकाशेवाली रंग भरायला बसली, तेव्हा तिला आभाळ ठेंगणं झालं होतं. आजवर या लोकांच्या रानावर परक्यांच्या कचेरीत रेघा ओढल्या जात. आता परत मिळालेल्या आपल्या जमिनीची आखणी पहिल्यांदाच आपण करायची होती; रान कुठे राखायचं, पेरायचं कुठे, घरं कुठे बांधायची. दुपारी सभा होती आणि उद्या कागद कचेरीत पोचला नाही, तर जमीन पुन्हा सरकारजमा.

तिचे बाबा गावाचे प्रमुख. ते आत आले आणि झऱ्याकाठच्या एका चौकोनावर त्यांनी बोट ठेवलं.

"इथे रोपवाटिका दाखव."

"बाबा, आत्याचं घर आहे ते."

"ताई पाहुणी आहे. नियम कुणी लिहिला? तूच ना?"

लिहिला होता खरा. बाहेरच्या जावयांनी बायकांच्या नावाने निम्मा डोंगर गिळला, म्हणून दोन वर्षांपूर्वी ठराव झाला होता: बाहेर लग्न करून गेलेली बाई इथे पाहुणी समजावी. या पोरीने तो वळणदार अक्षरात उतरवला, वर टाळ्याही वाजवल्या. नवरा गेल्यावर परत येऊन तेवीस वर्षं इथेच राबलेल्या बाईचं काय, हे एकाही शहाण्याला सुचलं नाही. बाहेरची बायको आणलेला पुरुष मात्र पाहुणा ठरत नव्हता बरं का! धाकट्या काकांचं घर नकाशात ठसठशीत उभं होतं.

आणि जमीन परत मिळाली होती कुणामुळे? कचेरीत तीन दिवस उभं राहून एकेक झरा, हद्दीचा एकेक दगड सांगितला तो आत्याने.

पोरीने घर पुसलं. तिथे हिरवा रंग भरला.

हद्द पायी चाललेल्या सगळ्यांत वयस्क माणसाने "हद्द बरोबर आहे" म्हटल्याशिवाय आखणी मंजूर होत नसे. चाललेल्यांत आता आत्याच तेवढी उरली होती. तेव्हा दुपारच्या सभेला पाहुणीलाच बोलावणं गेलं.

आत्याने चष्मा लावला. तिचं बोट रेघेवरून सावकाश फिरलं. "हा ओढा दगडाच्या अलीकडून वळतो," ती म्हणाली. पोरीने दुरुस्ती केली. मग बोट झऱ्यापाशी थांबलं.

"इथे काय?"

"रोपवाटिका," बाबा म्हणाले.

"आणि मी?"

"तुझ्या दिराकडे जा की."

"दीर जाऊन सात वर्षं झाली. मातीला आला होतास तू."

सभेत कुणी खोकलं. बाबांनी कागद सरळ केला. "हद्दीचं तेवढं बोल, ताई."

"तुला कडेवर घेऊन चालले होते रे मी ही हद्द."

ती गप्प बसली असती, तर सगळं मुसळ केरात गेलं असतं. हे तिला कळत होतं, आणि तिला ते कळतं हे बाबांनाही पक्कं ठाऊक होतं.

"हद्द बरोबर आहे," आत्या म्हणाली.

सगळे हात वर गेले. जिची तिन्ही बाळंतपणं आत्याने केली होती, त्या शेजारणीने मान खाली घालून हात वर केला. नकाशेवालीने सही केली.

संध्याकाळी आत्या भांडी पोत्यात भरत होती. पोरगी रडत पोतं उचलायला वाकली.

"तू नको हात लावू," आत्या म्हणाली. "माझं घर पुसताना तरी एकदा विचारायला यायचं होतंस. मीच सांगितलं असतं, पूस म्हणून."

आत्या गेली. कुठे, ते तिने सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी कागद वेळेत पोचला, जमीन राहिली. गावात आनंदीआनंद. पोरीने त्याच वळणदार अक्षरात नवा ठराव लिहिला: पाहुणीचा नियम रद्द करावा. सभा बोलवायला दहा घरांच्या सह्या लागत. शेजारणीने कागद वाचला आणि दार लावून घेतलं. काकांनी तर दारच उघडलं नाही. बाबा ओट्यावरून बघत होते.

"लाज आणलीस," ते म्हणाले.

"आत्याच्या दारी जायला मला उशीर झाला, बाबा," ती म्हणाली आणि तिने तिसऱ्या घराची कडी वाजवली.