पिवळ्या रुमालाची साक्ष

इंदिरानगरच्या त्या मंगल कार्यालयात रविवारी चपला ठेवायला जागा नव्हती. दहावीची मुलं रांगेत, आईवडील खुर्च्यांवर आणि व्यासपीठावर ओजोनंद महाराज.

"ब्रह्मचर्य म्हणजे मेंदूचं पेट्रोल!" महाराज गरजले. "टाकी गळली की मार्क गळतात! पोरं खोटं बोलतील, हा रुमाल बोलणार नाही."

आधी प्रत्येकानं अर्ज भरायचा : नाव, शाळा, मागच्या दोन परीक्षांचे टक्के. अर्ज पडद्यामागं जाई. मग सेवक पळीभर तीर्थ घेऊन येई आणि पिवळ्या रुमालावर ओती. रुमाल पिवळा राहिला तर मूल शुद्ध. लाल झाला तर त्यानं शरीरसंबंधाचं पाप केलं, म्हणूनच अभ्यासात मागं पडलं.

दीपमालाचा रुमाल लालभडक झाला.

मी निवृत्त विज्ञानशिक्षक. बायको गेल्यापासून माझ्या घरात आवाज असतो तो संध्याकाळी सतरंजीवर अभ्यासाला बसणाऱ्या मुलांचाच. त्यांच्यातली दीपमाला त्या रविवारनंतर तीन दिवस आली नाही. गुरुवारी आली, ती दारातच उभी राहिली.

"सर, पुस्तक परत द्यायला आले. सोमवारपासून शाळा बंद. बाबांनी सिन्नरचं स्थळ पाहिलंय."

"आत ये."

"नको. मी बसले तर बाकीच्यांच्या आया त्यांना पाठवणार नाहीत."

आतल्या मुलांनी माना खाली घातल्या. मीच बाहेर पायरीवर जाऊन बसलो. बऱ्याच वेळानं तीही बसली, दोन हात अंतर ठेवून.

"सर, मी एका मुलाचा हात धरला होता. बसस्टॉपवर, एकदाच. तेवढ्यानं लाल होतो?"

"नाही गं. आणि तेवढ्यानं मार्कही जात नाहीत. तुझे का गेले?"

"आई आजारी आहे. पहाटे चारला झेंडू तोडायला मीच जाते. वर्गात डोळे मिटतात."

चौऱ्याऐंशीवरून एकसष्टवर आलेल्या या मुलीला हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. मीसुद्धा नाही. तिनं दप्तरातून तो रुमाल काढून दिला. मी हुंगला. वास ओळखीचा होता.

पुढच्या रविवारी वर्गात पहिला येणारा सार्थक आपणहून रांगेत उभा राहिला. त्याचा रुमालही लाल झाला.

"बघा!" महाराज ओरडले. "तेज गेलं, टक्केही गेले!"

"कुठले गेले?" त्याच्या आई लताबाई ताडकन उठल्या. "चौऱ्याण्णव आहेत त्याला! आणि हा घरात चहाचा कप उचलत नाही, पाप कधी करणार?"

सगळे हसले. मी व्यासपीठावर गेलो.

"लताबाई, सार्थकनं माझ्या सांगण्यावरून अर्जात अठ्ठावन्न टक्के लिहिले. ज्याचे टक्के घसरले, त्याला आतून वेगळं पाणी येतं. महाराज मुलाला नाही, त्यानं भरून दिलेल्या अर्जाला ओळखतात. आता सांगा, वरणाचा डाग पडलेल्या शर्टाला साबण लावला की काय होतं?"

"लाल होतो," त्या म्हणाल्या. मग त्यांनी तोंडावर हात ठेवला. "अगंबाई! हळद!"

"रुमाल हळदीत बुडवून वाळवलाय. पाण्यात धुण्याचा सोडा आहे." मी दीपमालाच्या रुमालावर लिंबू पिळलं. लाल डाग पुन्हा पिवळा झाला. "घ्या. गेलेलं तेज अर्ध्या लिंबात परत आलं."

गलका उसळला. महाराज तीर्थाचा कलश घेऊन मागच्या दारानं निघाले होते. लोकांनी त्यांना तिथंच अडवलं. दीपमालाचे वडील पुंजा माझ्यापाशी आले. फुलं बांधून त्यांची बोटं हिरवी झाली होती.

"मास्तर, सिन्नरला काय सांगू आता?"

"पोरगी दहावीला बसणार हाय, असं सांगा. या वयात तिचं लग्न लावणं गुन्हा आहे. आणि महिनाभर झेंडू तोडायला दुसरं कुणीतरी बघा."

"बघतो." मग अगदी हळू म्हणाले, "पोर चार दिस जेवली नाय."

पालकहो, या वयात मुलांना एकमेकांची ओढ वाटते. काही मुलं त्यापुढंही जातात. ते वय त्यासाठी लहान आहे, हे त्यांना समजावून सांगावं लागतं, गरज पडली तर डॉक्टरांकडे न्यावं लागतं. पण कुणी काय केलं हे ना रुमालावर उमटतं ना गुणपत्रिकेवर. मार्क घसरले तर मुलाजवळ बसा आणि कारण विचारा. उत्तर ऐकेपर्यंत उठू नका.

दीपमाला सोमवारी आली. रुमालाचं गुपित सगळ्यांना कळलं होतं, तरी तिच्या दोन्ही बाजूंची सतरंजी रिकामीच राहिली. सोड्याची खूण लिंबानं जाते. ही खूण कशानं जाईल, मला ठाऊक नाही. मी माझी खुर्ची बाजूला सारली आणि गुडघे दुखत असतानाही तिच्या शेजारी खाली बसलो.

"हं," मी म्हणालो, "कुठल्या पानावर होतो आपण?"